पक्ष्यांच्या रडारवर काम करायचंय? आधी नकाशातली कोरी जागा वाचायला शिका

सांगलीहून इलेक्ट्रॉनिक्स करून मी नेदरलँड्सला एम.एस्सी.साठी आले आणि प्रबंधाला विमानतळाभोवती उडणारे पक्षी टिपणाऱ्या रडारचा विषय घेतला. रडारचं समीकरण पाठ होतं, कालमन फिल्टर, म्हणजे सुट्या ठिपक्यांवरून पक्ष्याचा मार्ग जुळवणारं गणित, स्वतः लिहिता येत होता. आता उरलंय ते फक्त कोडिंग, असं वाटलं. त्यानंतरचे पाच महिने एका चुकीत गेले. आजही तो काळ आठवला की पोटात गोळा येतो. हा विषय घेणारे आपले विद्यार्थी आता मला प्रश्न विचारू लागलेत, म्हणून हे लिहितेय.

या देशात हा विषय पोटतिडकीने शिकवतात, त्याला कारण आहे. १५ जुलै १९९६ रोजी आइंडहोवेनला उतरणारं बेल्जियन हवाई दलाचं हर्क्युलिस विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडून कोसळलं. त्यात ३४ माणसं गेली. ६ जून २०१० रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावरून उडालेल्या बोइंग ७३७ च्या डाव्या इंजिनात कॅनडा गूज जातीचे हंस शिरले. ते विमान कसंबसं परत उतरलं, सगळे वाचले.

तर माझी चूक. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन विमानतळाभोवती कुठे किती पक्षी उडतात याचा नकाशा मी केला. रडारजवळ गडद, लांब जावं तसा फिकट, आणि धावपट्टीलगत एक पट्टा पूर्ण कोरा. मी त्यावर दोन पानं लिहिली. रडारशेजारी तळं आहे म्हणून तिथे पक्षी जास्त, विमानांच्या आवाजामुळे धावपट्टीजवळ कमी. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. मार्गदर्शकांनाही पटली.

मग एके दिवशी धावपट्टीवर गाडी फिरवून पक्षी हाकणाऱ्या कर्मचाऱ्याला मी तो नकाशा दाखवला. कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "इथून तर मी रोज सकाळी कीव्हीट उठवतो." कीव्हीट म्हणजे आपल्या टिटवीची शेंडीवाली युरोपी बहीण. माझ्या नकाशात ती एकही नव्हती.

आता हे नीट समजून घ्या. कंटाळा आला तरी वाचा. पक्ष्यावरून परत येणारा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की संकेत सोळावा हिस्सा. कबुतराएवढा पक्षी रडारला ४ किलोमीटरपर्यंत दिसत असेल, तर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं परावर्तन देणारा लहान पक्षी जेमतेम सव्वादोन किलोमीटरपर्यंतच दिसतो. म्हणजे सगळीकडे सारखेच पक्षी असले तरी नकाशा रडारजवळ गडद आणि लांब फिकट येणारच. माझ्या गडद भागाचं कारण तळं नव्हतं, हा चौथा घात होता.

कोऱ्या पट्ट्याचं कारण वेगळं. गवत, दिवे, कुंपण, हँगर यांच्याकडूनही संकेत परत येतो. त्याला क्लटर म्हणतात. तो सतत एकाच जागी येतो, म्हणून प्रणाली तिथला उंबरठा, म्हणजे किती जोरदार संकेत आला तरच तो मोजायचा ती मर्यादा, वाढवून तो दाबून टाकते. त्यासोबत गवतात बसलेली टिटवी पुसली जाते, आणि त्या पट्ट्यावरून अगदी खालून उडणारीही बहुतेक वेळा पुसली जाते. विमानाला धोका नेमका तिथूनच असतो. तेव्हा नकाशातल्या शून्याचे तीन अर्थ होतात. पक्षी नव्हता, पक्षी होता पण दिसण्याइतका जवळ नव्हता, किंवा दिसला आणि क्लटर दाबणाऱ्या फिल्टरने पुसला. हे तीन वेगळे ठेवता येत नसतील तर नकाशा काढूच नका. कुणीतरी त्याच्या भरवशावर निर्णय घेईल.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. नकाशाच्या प्रत्येक चौकोनासाठी दोन आकडे ठेवा. किती ट्रॅक (रडारने ठिपके जोडून काढलेले उडण्याचे मार्ग) मिळाले, आणि तिथे रडारला दिसण्याची शक्यता किती होती. दुसरा आकडा मोजावा लागतो. परावर्तन माहीत असलेला धातूचा गोळा ड्रोनखाली बांधून उडवा, किंवा पहाटे दुर्बीण घेऊन उभं राहा आणि पक्षी, दिशा, अंतर, वेळ वहीत लिहा. घड्याळ रडारच्या घड्याळाशी जुळवून घ्या. रडार बहुधा यूटीसीवर, म्हणजे उन्हाळ्यात न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आणि उन्हाळी वेळेच्या एका तासाने माझ्या दोन आठवड्यांच्या नोंदी निकामी केल्या.

ट्रॅकची संख्या म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे, हेही लिहून ठेवा. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचा ट्रॅक तुटतो आणि एकाचे पाच होतात. आपल्याकडे घारींच्या बाबतीत हे हमखास होईल. उलट मैनेच्या कुळातल्या स्टारलिंगचा अख्खा थवा एकच ठिपका होऊन येतो.

न्यूरल नेटवर्क लावून थेट जात ओळखायचा मोह सगळ्यांना होतो. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. जहाजाच्या रडारसारखा अँटेना मिनिटाला २४ फेऱ्या मारत असेल, तर एकाच पक्ष्याकडे तो अडीच सेकंदांनी एकदा पाहतो. पंखांची फडफड सेकंदाला कित्येकदा होते. ती त्या नोंदीत नाहीच, मग मॉडेल शिकणार कशावरून? लहान, मध्यम, मोठा, थवा एवढं प्रामाणिकपणे सांगता आलं तरी पुष्कळ आहे.

स्वच्छ केलेली फाइल हातात देणारा मार्गदर्शक तुमचं भलं करत नाही, असं मला ठाम वाटतं. कच्चा संकेत मागा. मिळत नसेल तर कुठला फिल्टर, कुठला उंबरठा हे लेखी मागा. आणि पक्षी हाकणाऱ्या माणसांना पहिल्याच आठवड्यात भेटा. मी पाचव्या महिन्यात भेटले.

एवढं सगळं असूनही हे काम घ्याच. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्रीच्या अंधारात उतरत्या विमानावर फ्लेमिंगोंचा थवा आदळला, तीसहून अधिक पक्षी मेले. अशा अंधारात दुर्बीण थकते, रडार थकत नाही. आपल्याकडे हे काम करणारी माणसं हवीत, आणि लागणारं गणित तुम्हाला येतं.

माझ्या सुधारलेल्या नकाशात तो पट्टा आता राखाडी आहे. खाली लिहिलंय: "इथे रडारला दिसत नाही. सकाळची गाडीवरची नोंद पाहा."