वजनाच्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने: या चुका टाळा

ऑपरेशन नीट पार पडतं, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, आणि खरे घोळ तिथून पुढे सुरू होतात. मी छत्रपती संभाजीनगरात आहारतज्ज्ञ आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोली, लातूर, सगळीकडून पेशंट येतात. कुणाचं स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) झालेलं असतं, कुणाचं बायपास (हृदयाचं नाही, जठराची बारकी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं). गावं वेगळी, घरं वेगळी, पण पहिल्या दोन महिन्यांतल्या चुका मात्र त्याच त्या. आणि त्यातल्या निम्म्या चुकांचं मूळ एकच असतं: ऑपरेशन कशाचं झालं, हे लपवून ठेवलेलं असतं.

ऑपरेशन लपवणं

लपवतात का, ते मला कळतं. "आधी खाऊन वाढवलं, आता पैसे घालून कमी करायली," असं बोलणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. म्हणून मग पित्ताशयाचे खडे काढले, हर्निया होता, असं काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. पोटावर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या चार-पाच बारीक खुणा असतात, त्यामुळे ते खपूनही जातं.

जालना जिल्ह्यातली तिशीतली एक सून. साखर होती, पीसीओडी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होणं) होता, गुडघे गेले होते. स्लीव्ह झालं. खरं फक्त नवऱ्याला माहीत, घरात सांगितलं पित्ताशयाचे खडे. सासू मायेची. खडे काढलेली बाई आठवड्याभरात जेवायला लागते, हे तिनं शेजारीपाजारी पाहिलेलं. "खाल्ल्याबिगर आंगात ताकद कुठून येईल गं माय?" म्हणत ती तुपातला शिरा, दूध-भाकरीचा काला पुढे करायची. सुनेला नाही म्हणता यायचं नाही. दोन घास गिळायचे आणि मागच्या मोरीत जाऊन ओकून यायचं, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं. गावातल्या डॉक्टरांना पित्ताशयच सांगितलेलं. त्यांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, पुन्हा लावलं, दर वेळी ग्लुकोजचं. चौथ्या आठवड्यात तिला एकाचे दोन दिसायला लागले. भिंत धरून चालायची. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी झालं. अंगारा लावण्यात आणखी दिवस गेले. शेवटी भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला इकडे घेऊन आला.

तिला झालं होतं ते बी-1 जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या कमतरतेमुळे. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. खाणं कमी आणि वरून उलट्या, की तो झपाट्यानं संपतो. ग्लुकोज पचवायला शरीराला थायमिन लागतं. त्यामुळे साठा संपत आलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मार थेट मेंदूवर बसतो. दुहेरी दिसणं, झोक जाणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं. आल्या आल्या तिला थायमिनची इंजेक्शनं सुरू झाली. डोळे काही दिवसांत ठिकाणावर आले. चाल सुधारायला महिने लागले. विसरभोळेपणा पूर्ण गेलाच नाही, अजून ती किराण्याची यादी हातावर लिहून घेते. मला आजही या गोष्टीचा संताप येतो, कारण वेळेवर दिलेल्या साध्या, स्वस्त इंजेक्शननं हे टळलं असतं. त्या सासूवर माझा राग नाही. त्या डॉक्टरांवरही नाही, त्यांना खरं कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्या गावाला सांगा असं मी म्हणत नाही. पण घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला, आणि गावात ज्या डॉक्टरकडे तुम्ही पहिल्यांदा जाता त्यांना, खरं सांगितलंच पाहिजे. ऑपरेशनच्या आधीच मी पेशंटच्या सासूला किंवा आईला माझ्यासमोर बसवते आणि तिच्याशी बोलते. एकदा समजलं की त्याच बाया सगळ्यात कडक राखण करतात.

दुसरं, एक कार्ड करून पाकिटात ठेवा. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर. खाली तीन ओळी: उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं देऊ नका. नाकातून नळी घालण्याआधी सर्जनला फोन करा. मराठीतच लिहा, म्हणजे सोबतच्या माणसालाही वाचता येईल.

घाईत घास गिळल्यानं एखादी उलटी झाली तर घाबरू नका. पण पाणीसुद्धा दिवसभर टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात या. "ऑपरेशननंतर उलट्या होतातच" हे वाक्य ज्यानं कुणी पसरवलं, त्यानं फार नुकसान केलं आहे.

पुढच्या पायरीवर उडी मारणं

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात, बायपासमध्ये वरची जेमतेम 30 मिलीची पिशवी वापरात ठेवतात. आतल्या शिवणीला भरून यायला आठवडे लागतात. बाहेरचे टाके सुकले म्हणून आतले सुकले असं नसतं. म्हणून आधी पाण्यासारखं पातळ, मग दूध-ताक-सूप असं दाट पातळ, दोनेक आठवड्यांनी मिक्सरमधून काढलेलं, महिन्याच्या आसपास मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. दिवस सर्जनप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच पाळा.

मोबाइलवर कुणीतरी "मी बाराव्या दिवशी पोळी खाल्ली, मला काही झालं नाही" असं सांगतं आणि माझ्या पेशंटला घाई सुटते. वर्षानुवर्षं वाढलेल्या वजनासाठी दोन महिने कळ काढता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. परभणीकडचा एक तरुण चौथ्या आठवड्यात चुलत भावाच्या लग्नात पंगतीला बसला. आग्रह झाला, भाताचे दोन घास आणि मटणाचा एक तुकडा खाल्ला. तुकडा अडकला. छातीत कळ, तोंडाला फेसाळ लाळ, मांडवातून थेट गाडीत. दुर्बीण घालून तो तुकडा काढावा लागला. पंगतीला जायचंच असेल तर जेवणं उरकल्यावर जा, आहेर करा, फोटो काढा, निघा.

खायची पद्धत मी अशी लावून देते. लेकराच्या उष्टावणाची चांदीची किंवा स्टीलची बारकी वाटी बहुतेक घरांत असते, ती काढायची. चमचाही तेवढाच. एक चमचा तोंडात, चमचा खाली ठेवायचा, तोंडातलं पार पातळ झाल्याशिवाय गिळायचं नाही, मग दुसरा. वाटीला वीस मिनिटं. टीव्ही, फोन बंद. छातीत दाटल्यासारखं झालं, नाक गळायला लागलं, उचकी आली, की तिथं थांबायचं. उरलेलं टाकून द्यावं लागलं तरी चालेल. अन्न टाकवत नाही म्हणून पोटावर अत्याचार करू नका.

जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. मग दिवसाचं दीड लिटर कसं जाणार? घोटाघोटानं, सारखं. औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मोजून प्या, हवं तर फोनला गजर लावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो. त्या दिवसांत ऑपरेशन झालेले पेशंट पाणी कमी पडूनच परत दाखल होतात. शेतातलं, उन्हातलं काम या दोन महिन्यांत नकोच.

आणि वरणाच्या पाण्याबद्दल. ते प्यायला चांगलं, पण त्यात ताकद नाही. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वरच्या पाण्यात ती नावालाच असतात. ज्या त्या पायरीला चालेल त्या रूपात घट्ट वरण, चक्का, पनीर, अंडं (एका अंड्यात सहा ग्रॅम) आणि सांगितलेली प्रोटीन पावडर हाच आधार आहे. मऊ पायरीला आलात की ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून घ्या. माझ्या अनुभवात ती मैद्याच्या ब्रेडपेक्षा आणि गोळा होणाऱ्या भातापेक्षा सोसते.

बाकीच्या, थोडक्यात

साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या जुन्याच डोसनं चालू ठेवणं धोक्याचं आहे. साखर ऑपरेशननंतर लगेच उतरायला लागते, डोस बदलून घ्या, रोज मोजा. अंगदुखीला मेडिकलवाल्याकडून गोळी आणू नका, पॅरासिटामॉलवर भागवा. तंबाखू, गुटखा, मशेरी, विडी: एकही नाही. जखम भरायला वेळ लागतो, आणि विडी-सिगारेटनं बायपासच्या जोडावर अल्सर होतो. सोडा, कोल्ड्रिंक नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा घेतला तर गोळी वाया. "वजन उतरलं, आता व्हिटॅमिन कशाला" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: जन्मभर.

घरी जाताना लातूर-नांदेडचा लांबचा प्रवास असेल तर तासातासाला उतरून चाला, पायात गुठळी होण्याचा धोका खरा असतो. घरी पडून राहू नका, अंगणात फेऱ्या मारा, पण पाण्याची कळशी उचलू नका. बायकांनी पुढचं वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि पूर्वी राहत नव्हतं त्यांनाही राहतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय ठरवा.

तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. तेल बदलून उपयोग नाही, प्रथिनं आणि लोह बघा.

रडू येतं ते दाबणं

हे कुणी आपणहून सांगत नाही. मी विचारते तेव्हा डोळे भरतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांचं मन खचतं. पोटात पुरेसं जात नाही, झोप लागत नाही, चरबी झपाट्यानं उतरताना हार्मोन्स वरखाली होतात. शिवाय इतकी वर्षं दुःखात, कंटाळ्यात, एकटेपणात जे सोबत होतं ते खाणं एका दिवसात गेलेलं असतं. आपल्याकडे तर माया दाखवायची ती वाढूनच. त्याच सुमाराला वजनाचा काटाही काही दिवस थांबतो. शरीर पाणी धरून ठेवतं म्हणून तसं होतं आणि पुढे आपोआप सुटतं. पण माणसाला वाटतं, ऑपरेशन वाया गेलं.

लातूरचे एक शिक्षक. संध्याकाळी घरात ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की त्यांना सहन व्हायचं नाही. पोटाला भूक नसायची, स्लीव्हनंतर ती कमीच होते. भूक मनाची होती. ते गच्चीवर जाऊन बसायचे. बायको म्हणाली, "तुम्हीच करून घेतलं ना, आता कशाला झुरायलाव?" तिला दुखवायचं नव्हतं, पण त्यानंतर ते घरात बोलेनासे झाले. माझ्याकडे आल्यावर म्हणाले, "मॅडम, एवढे पैसे घालून मी हे काय करून बसलो?" मी त्यांना सांगितलं, हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय, आणि त्यातल्या बहुतेकांना सहा महिन्यांनी ते आठवतसुद्धा नाही. मग दोघांना समोर बसवलं. ठरलं ते साधं होतं: मिरच्या भाजायच्या वेळेला सरांनी मुलाला घेऊन शाळेच्या मैदानावर चालायला जायचं. वजन आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी. काटा बायकोच्या कपाटात. आणि मन भरून आलं तर गच्चीवर न जाता तिला सांगायचं. तिनं सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.

घरच्यांनो, "तूच करून घेतलंस" हे वाक्य तोंडातून काढू नका. बारीक झाल्याचं कौतुकही रोज करू नका, त्याचंही ओझं होतं.

आधीपासून नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांकडून डोस बघून घ्या. दारूनं मन रमवायला जाऊ नका. ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची जागा दारूनं घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन आठवडे उलटूनही कशातच जीव रमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी भेटा. तालुक्याला डॉक्टर नसतील तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सकाळपर्यंत थांबणं

गॅस झाला असेल म्हणून ओवा चावत रात्र काढणारे पेशंट मला सगळ्यात जास्त घाबरवतात. स्वस्थ बसलेले असताना नाडी 120 च्या आसपास राहते, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं: यातलं काहीही असलं तर आतली शिवण गळत असू शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, म्हणजे गुठळीची शंका. काळी शी, रक्ताची उलटी, एकाचे दोन दिसणं यातही वाट बघायची नाही. नाडी मोजायला घरात एकाला तरी शिकवून ठेवा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनच्या नंबरवर फोन करा, गाडी नसेल तर 108 ला लावा, आणि जवळच्या दवाखान्यात पोचल्या पोचल्या आधी ते कार्ड दाखवा.