डायलिसिसच्या कामाला लागताय? आधी किडनी शिका

नवी मुंबईतल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. डिप्लोमा किंवा बीएस्सी करणारी नवी मुलं ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने आमच्याकडे शिकायला येतात आणि पहिल्या दिवसापासून त्यांचे डोळे मशीनच्या स्क्रीनवर लागलेले असतात. लाइन लावणं, प्राइमिंग (नळ्यांत सलाइन भरून हवा काढणं), अलार्म बंद करणं हे सगळं सरावाने येतं. पण किडनी काय काम करते हे पक्कं माहीत नसेल, तर स्क्रीनवरचा आकडा वाचता येतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना पुस्तकातला तो धडा पुन्हा वाचायला लावते.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या, असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा थेट त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं सगळं रक्तात परत घेतलं जातं. दिवाळीच्या साफसफाईत आपण माळा पूर्ण रिकामा करतो आणि हवं तेवढंच सामान परत वर चढवतो, तसं हे काम आहे. ग्लुकोज पूर्ण परत जातं. मीठ आणि पाण्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग नेफ्रॉनच्या पहिल्याच नळीत परत घेतला जातो. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी राखायचं हे मेंदूतून येणारं एडीएच हार्मोन ठरवतं. मे महिन्यात घामाघूम होऊन घरी आलात की लघवी कमी आणि गडद होते, ती याच हार्मोनमुळे. प्रथिनांपासून यकृतात बनणारा युरिया आणि स्नायूंतून येणारं क्रिएटिनिन हा टाकाऊ माल बाहेर जातो. क्रिएटिनिन तर जवळजवळ अजिबात परत घेतलं जात नाही, म्हणूनच किडनीचं काम मोजायला ते उपयोगी पडतं.

आता आपलं मशीन बघा. डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या, पडद्यातून युरिया जातो, पोटॅशियम जातं, आणि इतर उपयोगाचे लहान रेणूही जातात. परत उचलून घ्यायची सोय त्यात नाही. काय जाऊ द्यायचं आणि काय राखायचं हे पडद्यापलीकडच्या डायलिसेटमध्ये, म्हणजे पाणी आणि क्षारांच्या द्रावणात, आपण काय ठेवलंय त्यावर ठरतं. त्यात सोडियम रक्ताच्या आसपास ठेवतात, म्हणून ते फारसं हलत नाही. पोटॅशियम कमी ठेवतात, म्हणून ते रक्तातून बाहेर पडतं. बायकार्बोनेट जास्त ठेवतात, म्हणून ते उलट रक्तात शिरतं. डॉक्टरांनी लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन म्हणजे किडनीने घ्यायचे निर्णय आहेत. ते मशीनवर लावताना प्रत्येक वेळी ताडून बघा, कालचंच असेल असं धरून चालू नका.

सगळ्यात अवघड असतं पाणी. निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास काम करते, आपण आठवड्यातून तीनदा चार-चार तास, म्हणजे 12 तास. मधल्या काळात प्यायलेलं पाणी अंगातच साठतं आणि वजनात दिसतं, एक लिटरला एक किलो. समजा एका काकांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 60 किलो आहे आणि ते 63 भरले. चार तासांत तीन लिटर काढायचे तर तासाला 750 मिली. दर किलो वजनामागे तासाला 13 मिलीपर्यंत वेग ठेवावा असं सर्वसाधारणपणे मानतात, म्हणजे त्यांच्यासाठी 780. जमेल. तेच काका 64 भरले तर तासाला एक लिटर होतो. आपण पाणी रक्तातून काढतो, पण सुजेतलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. घाई केली की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात. अशा वेळी मनाने वेग वाढवू नका, डॉक्टरांना सांगा. ते वेळ वाढवतील किंवा जादा डायलिसिस देतील. रविवारच्या सुट्टीनंतर, म्हणजे दोन दिवसांच्या खंडानंतर येणाऱ्या पेशंटकडे विशेष लक्ष द्या.

पाण्यावर बोलताना पेशंटला नुसतं "कमी प्या" म्हणून उपयोग नाही, कारण तहान मिठाने लागते. दिवाळे, सारसोळे, घणसोलीच्या आगरी-कोळी घरांतून येणाऱ्या मावशींना सुकटीबद्दल, खाऱ्या बोंबलाबद्दल प्रेमाने विचारा. लोणचं आणि पापडही विचारा. श्रावणात उपवासाचं विचारा. केळी, खजूर, रताळी, शेंगदाणे या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं, आणि शहाळं तर नातेवाईक तब्येतीला चांगलं म्हणून मुद्दाम आणतात. वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. हे घाबरवून सांगू नका, पण स्पष्ट सांगा, आणि घरात स्वयंपाक जो करतो त्यालाही सांगा.

आरओ रूम, म्हणजे डायलिसिसचं पाणी शुद्ध करायची खोली, कंटाळवाणी वाटते, तरी ती मनापासून शिका. मिनिटाला 500 मिली डायलिसेट धरला तर एका पेशंटला चार तासांत 120 लिटर पाणी लागतं. मोरबे धरणाचं, पालिकेने क्लोरीन घालून दिलेलं पाणी प्यायला उत्तम आहे, पण इथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं रसायन) त्यातून गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बन फिल्टरनंतर एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या खाली आहे का, हे प्रत्येक शिफ्टला तपासून लिहायचं. शिफ्ट कितीही भरलेली असो.

स्वतःसाठी एक गोष्ट: हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस घ्या आणि नंतर अँटिबॉडी टेस्ट करा. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने धमनीला जोडलेल्या शिरेच्या) हातावर बीपी घ्यायचं नाही आणि सुई लावण्याआधी बोटांनी थ्रिल, म्हणजे तिथली रक्ताची थरथर, बघायचं, हे तर पहिल्याच दिवशी शिकवतील.

प्रत्येक नव्या पेशंटला विचारा, लघवी अजून होते का आणि दिवसाला किती? डायलिसिस सुरू झालं म्हणजे किडनी पूर्ण थांबली असं नवी मुलं धरून चालतात, पण पुष्कळांना पहिली काही वर्षं थोडीफार लघवी होत असते. त्यांना पाणी जरा जास्त पिता येतं, वजन कमी वाढतं, तब्येतही बरी राहते. गरजेपेक्षा जास्त पाणी ओढून सारखं बीपी पाडलं, तर ती उरलेली किडनीही लवकर जाते. चोवीस तासांची लघवी घरी मोजून आणायला सांगा, फाइलमध्ये लिहा, आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायला सांगा.