गॅलरीतला मोगरा आणि मनाची स्वस्थता

बागकामातून मनाला शांतता हवी असेल, तर एकदम पुष्कळ कुंड्या आणण्यापेक्षा मोगऱ्याचे एकच रोप नीट सांभाळणे अधिक चांगले. त्यासाठी रोज किमान ५-६ तास थेट ऊन मिळणारी जागा निवडावी. उन्हावाचून मोगरा पाने भरपूर देतो, कळ्या मात्र देत नाही. तळाला छिद्र असलेल्या १२ इंची कुंडीत माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरावी.

खरे काम छाटणीचे आहे. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी ओसरू लागताच, साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, जुन्या फांद्या निम्म्यापर्यंत कापाव्यात, उरलेली पाने काढावीत, वरची माती हलकेच उकरून खत घालावे आणि मग वाट पाहावी. कोणती फांदी ठेवायची आणि डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या, किंचित वर काप कुठे घ्यायचा, या विचारात मन इतके गुंतते की मोबाईलची आठवणही राहत नाही. घाईच्या सकाळी मात्र हे काम मुळीच काढू नये.

पाणी ठरावीक वेळ झाली म्हणून देऊ नये. मातीत बोट खुपसून वरचा थर कोरडा लागला, तरच द्यावे. कळ्या संध्याकाळनंतर उमलतात, त्यामुळे लेखनाची, वाचनाची किंवा रियाजाची बैठक त्या सुमारास कुंडीशेजारीच मांडावी. बहर संपल्यावर फुलून गेलेली टोके खुडली, तर पावसाळ्यापूर्वी आणखी एखादा बहर मिळू शकतो.