कोणते शाहू, कोणता बाजीराव? मराठ्यांच्या इतिहासातल्या नामसाधर्म्याच्या या चुका टाळा

२६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. त्या दिवशी मोबाइलवर फिरणाऱ्या शुभेच्छांमध्ये एखादी तरी अशी सापडते: वर कोल्हापूरच्या महाराजांचा फोटो आणि खाली मजकूर, ‘छत्रपती संभाजी महाराजांचे सुपुत्र, बालपण औरंगजेबाच्या कैदेत गेलं.’ एकाचा जन्म १६८२चा, दुसऱ्यांचा १८७४चा. मध्ये जवळजवळ दोन शतकं. पाठवणाऱ्याची भावना खरी असते, पण माहिती साताऱ्याच्या शाहूंची आणि जयंती कोल्हापूरच्या शाहूंची, असा तो प्रकार होतो.

व्याख्यानाची टिपणं, गणेश मंडळाची स्मरणिका, शाळेतला सुविचाराचा फळा, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, सगळीकडे हा घोळ चालतो. आणि तो अज्ञानापेक्षा घाईतून जास्त होतो. नाव ओळखीचं दिसलं की माणूसही ओळखीचा वाटतो.

मुळात इतके सारखे का?

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या घरातही तेच झालं. संभाजीराजांच्या मुलाचं जन्मनाव शिवाजी. राजाराम आणि ताराबाई यांच्या मुलाचंही नाव शिवाजी. पहिला मोगलांच्या छावणीत वाढला, शाहू या नावाने ओळखला जाऊ लागला आणि १७०७मध्ये सुटून परत आला. त्याच वर्षी खेडला त्याची ताराबाईंच्या फौजेशी लढाई झाली. म्हणजे एकाच आजोबांच्या नावाच्या दोन नातवांमधला तो गादीचा वाद होता. राजारामांना राजसबाईंपासून झालेल्या मुलाचं नाव पुन्हा संभाजी. हे झाले कोल्हापूरचे संभाजी. १७३१चा वारणेचा तह शाहूंनी केला तो या चुलतभावाशी. ‘शाहू आणि संभाजी यांच्यात तह’ एवढंच वाचून कुणी गोंधळला, तर त्याला हसू नका. मुलाने बापाशी तह केला, असाच अर्थ निघतो त्यातून.

दत्तकामुळे यात आणखी भर पडली. गादीवर दत्तक आलेल्याला घराण्यातलं नाव मिळायचं. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरला दत्तक आले आणि शाहू झाले. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, शंभू, शहाजी, राजाराम, शाहू हीच नावं पुन्हा पुन्हा फिरताना दिसतात ती त्यामुळे.

चूक: ‘पहिला’, ‘दुसरा’ यावर विसंबणं

बहुतेक लोक इथे आकडा लावून मोकळे होतात. पण आकडा कुठून मोजला, हे सांगितलं नाही तर तो काही कामाचा नाही. ताराबाईंच्या मुलाला कुणी ‘शिवाजी दुसरे’ म्हणतं, कारण पहिले म्हणजे रायगडचे. कुणी फक्त कोल्हापूरची गादी मोजतं आणि त्यालाच ‘पहिले’ म्हणतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. शाहूंचंही तसंच. साताऱ्याला दोन शाहू झाले, पहिले १७४९मध्ये वारले आणि दुसऱ्यांनी १७७७ ते १८०८ या काळात गादी सांभाळली. राजर्षींना काही ठिकाणी ‘शाहू चौथे’ म्हटलेलं आढळतं, तर काही याद्यांत तेच कोल्हापूरचे पहिले. आज कोल्हापुरात असलेले, २०२४मध्ये लोकसभेवर निवडून गेलेले शाहू महाराज आणखी वेगळे.

यावर साधा इलाज आहे. आकडा सोडा, गादी लिहा. ‘साताऱ्याचे थोरले शाहू’, ‘कोल्हापूरचे राजर्षी शाहू’. ‘राजर्षी’ हे बिरुद १९१९मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत मिळालं आणि ते याच एका शाहूंचं आहे, त्यामुळे ते लावलं की शंका राहत नाही. कानपूरच्या विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव आहे, तेही यांचंच. उत्तरेत नुसतं ‘शाहूजी’ म्हटलं की बहुधा हेच अभिप्रेत असतात. साताऱ्यात मात्र तसं धरून चालू नका, तिथे शहराचंच जुनं नाव शाहूनगर.

फोटोबाबत एक सोपी कसोटी: कॅमेऱ्याने काढलेला फोटो असेल तर तो थोरल्या शाहूंचा असूच शकत नाही. त्यांच्या काळात कॅमेराच नव्हता.

चूक: वसई, बाजीराव, चिमाजी हे एकत्र दिसले की १७३९ समजणं

हा माझा आवडता सापळा आहे, कारण यात नावं जुळतात, नाती जुळतात आणि गावही जुळतं.

१७३९. पेशवा बाजीराव, धाकटा भाऊ चिमाजी अप्पा. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली.

१८०२. पेशवा बाजीराव, त्यालाही चिमाजी अप्पा नावाचाच भाऊ. ३१ डिसेंबरला वसईत तह झाला आणि या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्या आधी, १७९६च्या उलथापालथीत, या दुसऱ्या चिमाजीला काही काळ पेशवेपदावर बसवलंही होतं.

थोरला बाजीराव म्हणजे बाळाजी विश्वनाथांचा मुलगा, १७४०मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला. दुसरा म्हणजे रघुनाथरावांचा मुलगा. १८१८मध्ये राज्य गेल्यावर तो बिठूरला राहिला आणि १८५१मध्ये तिथेच वारला. जुने लोक याला ‘रावबाजी’ म्हणत आणि तोच शब्द वापरणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. थोरल्याचं शौर्य रावबाजीला चिकटवलं तर फारसं कुणी रागवत नाही, पण रावबाजीचा पळ थोरल्याच्या नावावर गेला की मात्र पत्रं येतात.

चूक: ‘बल्लाळ’ला आडनाव समजणं

बाजीराव बल्लाळ, माधवराव बल्लाळ असं वाचून अनेकांना वाटतं की पेशव्यांचं आडनाव बल्लाळ. आडनाव भट. बल्लाळ म्हणजे बाळाजी, म्हणजेच वडिलांचं नाव. बाजीराव बल्लाळ हा बाळाजी विश्वनाथांचा मुलगा, माधवराव बल्लाळ हा बाळाजी बाजीरावांचा, म्हणजे नानासाहेबांचा मुलगा. हे एकदा लक्षात आलं की अर्धा गुंता आपोआप सुटतो. मधलं नाव हाच खरा पत्ता.

माधवरावांचंच घ्या. थोरले माधवराव म्हणजे माधवराव बल्लाळ. १७६३मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला तो यांच्या काळात. १७७२मध्ये थेऊरला क्षयाने वारले. सवाई माधवराव म्हणजे माधवराव नारायण, खून झालेल्या नारायणरावांचा मुलगा. १७७४मध्ये पुरंदरावर जन्म, १७९५मध्ये शनिवारवाड्यात शेवट. खर्ड्याची लढाईही १७९५ची, शत्रू पुन्हा निजामच. त्यामुळे ‘माधवरावांनी निजामाला हरवलं’ या वाक्यावर प्रश्न विचारलाच पाहिजे: राक्षसभुवन की खर्डा?

मूळ कागद वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव येतं. थोरल्या बाजीरावाच्या शिक्क्यात ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’. माधवराव बल्लाळांच्या शिक्क्यात ‘राजाराम नरपति’. आता राजाराम म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात ते शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र, १७०० साली सिंहगडावर वारलेले. मग १७६५च्या कागदावर त्यांचं नाव कसं? तर हे राजाराम म्हणजे रामराजा, थोरल्या शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेले. त्यांना ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलं आणि पुढे बिनसल्यावर हा आपला नातू नव्हेच असंही सांगितलं. नावाखालच्या माणसाबद्दल त्या काळीसुद्धा एकमत नव्हतं, हे ऐकून आजच्या वाचकाला जरा धीर येईल.

तिसरे राजाराम कोल्हापूरचे. युरोपचा प्रवास करून परतताना १८७० साली इटलीत फ्लोरेन्सला वारले. आर्नो नदीकाठच्या उद्यानात त्यांचं स्मारक आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला नाव आहे ते यांचं. ‘राजाराम महाराजांची समाधी’ असा शोध घेतलात तर सिंहगडही येतो आणि फ्लोरेन्सही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची.

चूक: ‘नाना’ एकच

नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. म्हणजे दोघांचं पाळण्यातलं नाव बाळाजी आणि हाकेचं नाव नाना! पहिले पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१मध्ये वारले. दुसरे पानिपतावरून जीव वाचवून परतले आणि १८००पर्यंत कारभार पाहत राहिले. त्यावर कडी म्हणजे १८५७चे नानासाहेब. ते धोंडोपंत, रावबाजीचे दत्तक पुत्र, आणि त्यांनाही लोक नानासाहेब पेशवेच म्हणतात. मुंबईचे नाना शंकरशेट म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, त्यांचा या घराण्याशी काही संबंध नाही.

नाना, भाऊ, दादा, अप्पा, बाबा ही घरातली संबोधनं आहेत, त्यांतल्या कशावरच एका माणसाची मालकी नाही. लेखात पहिल्यांदा उल्लेख कराल तेव्हा पूर्ण नाव लिहा, मग खुशाल नाना म्हणा.

शिंदे-होळकरांकडेही हेच आहे. तीन मल्हारराव होळकर: सुभेदार मल्हारराव १७६६मध्ये वारले, आणि १८१७ला महिदपूरला इंग्रजांकडून हरले ते तिसरे, वयाने अगदीच लहान. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड वेगळे, त्यांना इंग्रजांनी १८७५मध्ये पदच्युत केलं. जनकोजी शिंदे दोन. बांद्याच्या नवाबांच्या घराण्यात तर समशेर बहादर आणि अली बहादर ही नावं आलटून पालटून येतात. पानिपतात घायाळ झाला तो पहिला, मस्तानीचा मुलगा, आणि १८५७च्या उठावात होता तो शेवटचा.

चूक: शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्याच हातची

नाव फक्त माणसांचंच पुढे चालतं असं नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेलं तांब्याचं नाणं घरात सापडलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘महाराजांच्या काळातलं!’ मग विक्रेता किंमतही त्याच हिशेबाने सांगतो. शिवराई महाराजांनी सुरू केली हे खरं, पण पुढचे छत्रपती आणि पेशवे यांच्या काळातही ती पडत राहिली, आणि तीच अक्षरं घेऊन. दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर पुष्कळ आढळते आणि ती पेशवाईतली. अक्षरांची घडण, वजन आणि रेघा बघितल्याशिवाय काळ सांगता येत नाही. विकत घेणार असाल तर आधी जाणकाराला दाखवा. फोटोवरून खरेदी करू नका, ‘श्री राजा शिव’ वाचता आलं एवढ्यावर तर नकोच.

आणि मुद्दाम घेतलेलं नाव

इथपर्यंत सगळा घोळ नकळत झालेला. पण पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंच्या नावाने एक इसम उभा राहिला. भाऊ १४ जानेवारी १७६१ला रणांगणात गेले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली आणि त्या शंकेचा फायदा या तोतयाने घेतला. त्याला माणसं मिळाली, किल्ले मिळाले, शेवटी १७७६मध्ये पकडून देहदंड दिला गेला. तेव्हा जुन्या पत्रात १७६१नंतरच्या तारखेखाली ‘भाऊसाहेब’ जिवंत सापडले, तर नवा इतिहास सापडला म्हणून लगेच लिहायला बसू नका. तोतयाच असेल, नाहीतर दुसरा कुणी भाऊ. भाऊ तर घरोघरी होते.

तारीख तपासताना शक आणि इसवी यांची गल्लत टाळा. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो (शक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९). शके १६२२ ही इसवी १६२२ समजलात, तर ताराबाईंच्या मुलाचा काळ थेट शहाजीराजांच्या तरुणपणात जाऊन बसेल.

गावं आणि गड

सदाशिवगड कऱ्हाडजवळ आहे आणि कारवारलाही. सिंदखेडराजा बुलढाण्यात, जिजाऊंचं माहेर, तर शिंदखेडा धुळे जिल्ह्यात. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही. जिजाबाईही दोन, बरं का. कोल्हापूरच्या संभाजींच्या पत्नी जिजाबाई यांनी पतीच्या पश्चात १७६० ते १७७३ राज्याचा कारभार पाहिला. पाचाडला समाधी आहे ती जिजाऊंची, त्या १६७४मध्येच गेल्या.

गड किंवा गाव असेल तर पुढे तालुका लिहा. माणूस असेल तर वडिलांचं नाव, गादी आणि एक तरी साल. आणि एवढं करूनही एखाद्या कागदातला ‘शिवाजी’ कोणता ते ठरलं नाही, तर ‘शिवाजी (कोल्हापूर), बहुधा १८३८नंतरचे’ असंच लिहून ठेवा. तो ‘बहुधा’ पुढच्या वाचकाच्या फार उपयोगी पडतो.