मुलांना फिरवत शिकवायचंय? आधी घरातला नळ सोडा

आधीच सांगून टाकते, आमची पहिली 'शैक्षणिक सहल' साफ फसली होती. होमस्कूलिंग सुरू करून जेमतेम दोन महिने झालेले, उत्साह ओसंडून वाहत होता, मग काय, संभाजीनगरला मुक्काम टाकायचा आणि अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा सगळं दोन दिवसांत उरकायचं असा प्लॅन. त्यात वार कोणता हे कोणी बघितलंच नाही, वेरूळला पोचलो तो मंगळवार, गेट बंद. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, आता हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.) मग दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे धावपळ, मुलं रडकुंडीला, मी गाईडच्या मागे वही घेऊन पळतेय. घरी आल्यावर मोठ्याला विचारलं काय काय आठवतंय, तर म्हणाला माकडाने चिप्सचा पुडा पळवला ते. छोटीला तेही नाही, तिला फक्त आले घातलेला सोडा आठवत होता.

तर फिरवणं म्हणजे शिकवणं नाही हे तेव्हा कळलं. बरेच जण मला विचारतात की तुम्ही मुलांना शाळेत न घालता फिरवून शिकवता म्हणजे नक्की करता काय, म्हणून हे लिहितेय. आम्ही पुण्यातले, मोठा ११ वर्षांचा, छोटी ८ ची, घरी माझ्या सासूबाई, वय ७६. पैसा बेताचाच, त्यामुळे परदेश वगैरे विसरा.

सुरुवात घरापासून करा आणि एकच प्रश्न धरा. आमचा पहिला प्रश्न छोटीनेच काढला, सकाळी नळ गेला तेव्हा. पाणी येतं कुठून? मी टाकीतून म्हटलं, टाकीत कुठून, पाइपातून, पाइपात कुठून, आणि तिथे माझी गाडी अडकली. म्हटलं चला, बघूनच येऊ. त्या एका प्रश्नावर आमचा अख्खा पावसाळा निघाला बघा. आधी पेपर. पुण्यात पावसाळ्यात पेपरात रोज छापून येतं, खडकवासला साखळीत इतके टीएमसी पाणी जमा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं, चारही भरली की साधारण २९ टीएमसी. पण टीएमसी म्हणजे काय हो? मलाही नव्हतं माहीत. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. घनफूट म्हणजे किती ते कळायला पुठ्ठ्याचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच खोका बनवला, आत प्लास्टिकची पिशवी पसरली आणि मापाने पाणी ओतत गेलो, २८ लिटर झाले आणि वर थोडं. (बाथरूममध्येच करा हे, आम्ही हॉलमध्ये केलं आणि खोका फाटला.) मग १ टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. गच्चीवरची आमची टाकी हजार लिटरची, म्हणजे तशा २ कोटी ८३ लाख टाक्या. मोठा हा गुणाकार करताना शून्यं तीनदा चुकला, पण चौथ्यांदा स्वतःहून बसला, गणिताच्या पुस्तकातल्या धड्यासाठी असा कधी बसला नसता.

मग शनिवारी खडकवासल्याला. भजी खाल्ली, कणीस खाल्लं, भिंत बघितली. चौघांत हे धरण फारच लहान, जेमतेम २ टीएमसीचं, तरी साखळीला नाव याचंच, का? कारण वरच्या धरणांचं पाणी नदीने याच्यातच येतं आणि शहराला इथून जातं. तिथेच एक आजोबा भेटले, ते १९६१ च्या पुराचं सांगायला लागले, १२ जुलैला पानशेत फुटलं, त्या पाण्याने खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मुलं कणीस खायची थांबली. घरी आल्यावर आजीला विचारलं तर तिच्याकडे स्वतःच्या आठवणींचं वेगळंच गाठोडं निघालं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय.

पुढचा शनिवार शहरातच. धरणं नव्हती तेव्हा पुणं पाणी कुठून पीत होतं? पेशव्यांनी कात्रजला तळं बांधून तिथून जमिनीखालून नळ काढून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं आणि वाटेत जागोजागी हौद. त्यातले काही आजही सापडतात, सापडवायचे, मजा येते. फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद आहे, डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या आठवणीत बांधला आणि सगळ्या जातींच्या लोकांना खुला ठेवला. छोटीने लगेच विचारलं, खुला म्हणजे? आधी बंद होता? इथे मला खरं बोलावं लागलं. मग तिथून गंज पेठेत फुले वाड्यावर गेलो, जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला तो तिथलाच. नळाच्या पाण्यावरून निघालेला प्रश्न इथपर्यंत येईल असं मी कुठल्या टाइमटेबलात लिहिलं नव्हतं. रिक्षाभाडं सोडलं तर खर्च शून्य.

सांगायचा मुद्दा हा की प्रश्न लांबू द्या. एका प्रश्नाला चार-पाच फेऱ्या, मध्ये घरी बसून काम, परत फेरी. मी ठरवूनच टाकलंय, एक दिवस बाहेर तर दोन दिवस घरी. ज्या दिवशी फिरलो त्याच रात्री लिहायला बसवू नका, मुलं दमलेली असतात आणि वहीवर राग काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटात नाश्ता गेल्यावर. आमच्याकडे प्रत्येकाची एक दोनशेपानी वही आहे, फेरीमागे निदान एक चित्र, एक हिशोब आणि एक न सुटलेला प्रश्न एवढं पाहिजे, बाकी कितीही लिहा नाहीतर लिहू नका. शुद्धलेखन मी त्या वहीत तपासत नाही, त्याची वेगळी वही आहे. व्याकरण, पाढे, इंग्रजी वाचन हे रोज तासभर टेबलावरच होतं, ते फिरण्यातून आपोआप होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता आणि मोठ्याचे भागाकार सहा महिने मागे पडले.

हिशोबावरून आठवलं, प्रवासाचा खर्च मुलांच्या हातात द्या. एसटीसारखं गणिताचं पुस्तक नाही. बाबांचं तिकीट पूर्ण, महिलांना २०२३ पासून अर्धं म्हणून माझं अर्धं, ५ ते १२ वयाच्या मुलांचं अर्धं, आणि आजी ७५ च्या वर म्हणून फुकट. मग आपण पाच जण किती पूर्ण तिकिटांत गेलो? अडीच. पुढच्या वर्षी दादा १२ च्या पुढे गेला की किती? तीन. छोटी अपूर्णांक यातच शिकली. आजीचं आधार कार्ड मात्र घरी विसरू नका, नाहीतर हे गणित कंडक्टर सोडवतो. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या स्मारकांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तिथेही पैसे वाचतात. आणि रस्त्यात मैलाचे दगड मोजायला लावा, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. घाट लागला की उलट्या होणारं पोरगंसुद्धा यात गुंततं.

आता समुद्र. आम्ही दिवाळीनंतर अलिबागला गेलो, प्रश्न होता भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळते. कोकणात जुना ठोकताळा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जे उत्तर येईल त्या सुमाराला भरती. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊण, पावणेचार, तेव्हा भरती आणि साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या आसपास. हे चंद्रावरून चालतं, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, तिथी त्यावर लिहिलेली. मोठ्याने स्वतः हिशोब केला, आपण जाणार त्या दिवशी अष्टमी, आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. वा, भर दुपारी पाणी हटणार, कुलाबा किल्ल्यात चालत जाऊ. बाराला किनाऱ्यावर गेलो तर ओहोटी होती खरी पण वाटेत मोठ्याच्या गुडघ्याच्या वर पाणी, छोटीच्या तर कमरेला. पोराचं तोंड एवढंसं झालं, गणित तर बरोबर होतं. शेजारी मासळी विकणाऱ्या मावशी हसायला लागल्या, म्हणाल्या अरे बाळा आज भांग आहे, भांगाला पाणी लांब हटत नाही, चालत जायचं तर उधाणाला ये. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याचा ओढा एका रेषेत येतो, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही, ते उधाण. अष्टमीला दोघांचा ओढा काटकोनात, मग चढ-उतार कमी, तो भांग. वेळेचं गणित बरोबर आलं, उंचीचं आम्ही केलंच नव्हतं. शेवटी घोडागाडीने गेलो. रात्री लॉजवर टॉर्च, लिंबू आणि मोसंबं घेऊन चंद्र-सूर्य-पृथ्वी मांडली, तेवढ्यापुरता माझा 'त्याच दिवशी अभ्यास नाही' हा नियम मोडला कारण पोरगं झोपायलाच तयार नव्हतं.

एक मात्र सांगते, हा ठोकताळा अंदाज आहे, जीव त्यावर टाकू नका. किल्ल्यात चालत जाताना भरतीचं छापील वेळापत्रक बघा, किनाऱ्यावरच्या लोकांना विचारा आणि पाणी वळायच्या आत परत या. फोटोच्या नादात लोक अडकतात.

पुण्याच्या बाजूला दोन दिवस असतील तर जुन्नर घ्या, पण सगळं जुन्नर नका घेऊ. आम्ही 'मोजायचं कसं' हा प्रश्न घेऊन गेलो आणि फक्त दोन ठिकाणं केली. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख आहे, राणी नागनिकेचा, त्यात यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांचे आकडे कोरलेत, आपल्या अंकांच्या अगदी जुन्या खुणांपैकी या. बाहेर तो मोठा दगडी रांजण, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. आणि दुसरं ठिकाण खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन असतं, तेव्हा गेलं तर सांगणारे लोक भेटतात, गर्दी मात्र जत्रेसारखी. शिवनेरी सोडला म्हणून मला नातेवाइकांनी बरंच ऐकवलं. पुढच्या वेळी.

लोणारही लांबच्या यादीत आहे, बेसॉल्ट या काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं साधारण १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, पण त्याआधी घरी परातीत पीठ पसरून गोट्या टाकायचा प्रयोग करायचाय.

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते, परीक्षा आणि कायदा. आरटीई २००९ म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क आहे, होमस्कूलिंगसाठी वेगळी तरतूद नाही, मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात म्हटलंय पण पालकांना शिक्षा लिहिलेली नाही. हे समजून मग ठरवा, कोणी 'काही टेन्शन नाही' म्हणालं म्हणून नको. दहावीसाठी आम्ही एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता धरणार आहोत, वय १४ पूर्ण लागतं, किमान ५ विषय, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा आणि एकदा नाव घातलं की ५ वर्षं चालतं, म्हणजे एकेक दोन-दोन विषय सुटे देता येतात. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या त्यांच्या ए, बी, सी पातळ्या आहेत, पुढेमागे शाळेत परत घालायची वेळ आली तर हातात कागद असलेला बरा. म्हणून फिरण्याच्या वह्या, तिकिटं, फोटो तारखेसकट एका ट्रंकेत ठेवा.

नोकरी करणाऱ्या आईबापांना हे जमतं का, तर दोघांपैकी एकाचे तास हलते असावे लागतात, खोटं कशाला सांगू. मुलं शाळेत जात असतील तरी शनिवारचा नळाचा प्रश्न जमतोच की. आणि मित्र लागतात, नुसते आईबाप आणि समुद्र पुरत नाहीत, आम्ही बिल्डिंगमधली दोन-तीन शाळेतली पोरं सुट्टीला सोबत नेतो, त्यांच्या आया खूश आणि आमची भांडणं निम्मी.

सासूबाई सुरुवातीला रोज विचारायच्या, पोरांना शाळेत कधी घालणार. आता पावसाळ्यात सकाळी पेपर आला की आधी त्याच टीएमसीचा चौकोन कात्रीने कापून फ्रिजवर लावतात. शाळेचं विचारणं मात्र अजून बंद केलेलं नाही.