सगळ्यांची एकेक जोडी नको! टँकमध्ये मासे एकत्र ठेवताना या चुका टाळा

माशांच्या दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास म्हणतो, "सगळ्यांची एकेक जोडी द्या." मग दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, दोन निऑन, काच साफ करायला एक सकर आणि मुलाच्या हट्टापायी एक शार्क. टँक दोन फुटी. दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले. आठवड्याभरात मला फोन येतो: "मासे मरतायत, कुठलं औषध टाकू?"

बारा वर्षं मासे पाळतोय, ओळखीच्यांचे टँकही लावून देतो. असा फोन आला की मी औषधाचं नाव सांगत नाही, आधी कोणकोणते मासे आहेत ते विचारतो. बहुतेक वेळा दुखणं त्या यादीतच सापडतं.

जोडीचा हट्ट

दुकानात भावच जोडीचा सांगतात, म्हणून आपणही जोडीने मागतो. पण एंजल किंवा बार्बच्या एवढ्याशा पिल्लांमध्ये नर कुठला आणि मादी कुठली हे दुकानदारालाही सांगता येत नाही, तेव्हा "जोडी" म्हणजे फक्त दोन नग. त्यात निऑन, टायगर बार्ब, झेब्रा, कोरीडोरास हे सगळे थव्याने राहणारे मासे. दोनच ठेवले तर निऑन भेदरून कोपऱ्यात बसतो, आणि टायगर बार्ब दुसऱ्यांवर उठतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बहिणीच्या घरचा टँक मीच लावला होता, दोन एंजल आणि दोन टायगर बार्ब मीच निवडले होते. एंजलच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर लोंबतात. चौथ्या दिवशी त्यातला एक अर्धा झाला. मला वाटलं, पर सडतायत. औषध टाकलं, पाणी निळं झालं, तरी आठ दिवसांत दुसऱ्या एंजलची शेपटीही कातरल्यासारखी दिसायला लागली. बहीण रोज विचारायची, "दादा, अजून किती दिवस औषध?"

शेवटी एका रविवारी रात्री हॉलचा दिवा बंद केला, टँकचा तेवढा चालू ठेवला आणि समोर न हलता बसलो. एरवी माणूस जवळ आला की सगळे मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात, तेव्हा त्यांचं खरं वागणं दिसतच नाही. दहाएक मिनिटांनी एक बार्ब एंजलच्या मागून, खालच्या बाजूने आला, तो दोरा तोंडात धरला, झटका दिला आणि सरळ निघून गेला. एंजल थरथरला आणि हीटरच्या मागे जाऊन चिकटून उभा राहिला. मिनिटभरात दुसरा बार्ब आला. आठ दिवस आम्ही निरोगी माशांना औषध पाजत होतो.

त्याच रात्री बार्ब बादलीत, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून, वेगळे केले. एंजलचे पर भरून यायला दीड महिना लागला. एक दोरा वाकडाच आला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

टायगर बार्बना एकमेकांमागे धावायचं असतं, थव्यात कोण वरचढ हे सारखं ठरवायचं असतं. आठ-दहा असले की ती मस्ती आपापसात जिरते. तरीही लांब परांच्या माशांसोबत मी ते कधीच ठेवत नाही: एंजल नाही, फायटर नाही, गप्पी नाही. माझा साधा हिशोब आहे: आठ जातींचे दोन-दोन मासे आणण्यापेक्षा दोन जातींचे आठ-आठ आणा. टँक रिकामा दिसेल असं वाटतं, पण थवा एकदा वळताना पाहिलात की पुन्हा कधी जोडी मागणार नाही.

"काच साफ करायला एक सकर"

हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो. दोन इंचांचा सकर मोठा झाला की फूटभराच्या पुढे जातो. लहान असताना शेवाळ खातो हे खरं, पण वाढल्यावर त्याचं पोट काचेवरच्या शेवाळावर भरत नाही. उपाशी सकर रात्री गोल्डफिश, एंजलसारख्या संथ आणि रुंद अंगाच्या माशाला चिकटतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडून खातो. सकाळी माशाच्या कुशीवर गोल लालसर डाग दिसतो, मग तिथेच बुरशी धरते. शिवाय हा मासा घाणही इतकी करतो की काच साफ आणि तळ घाण.

काच आपल्या हाताने पुसा. मी जुनं एटीएम कार्ड वापरतो. शेवाळ फार येत असेल तर दिवा दिवसाला सहा-सात तासच ठेवा आणि खाणं कमी टाका.

यापुढची चूक तर टँकबाहेरची. सकर मोठा झाला की लोक तो "पुण्य लागेल" म्हणून नदीत किंवा तलावात सोडतात. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या पाण्यात तो टिकतो आणि वाढतो. उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात सकर येतो. त्याच्या कडक काट्यांनी जाळी फाटते आणि बाजारात त्याला भाव नाही. नको असलेला मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. नदीत सोडू नका.

"शार्क" म्हणून विकतात तो मासाही असाच. हा पंगस, म्हणजे हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. चार फुटांपर्यंत वाढू शकतो. दोन फुटी टँकमध्ये त्याला नीट वळताही येत नाही, घाबरला की काचेवर नाक आपटून घेतो.

बाकीच्या चुका

एंजल आणि निऑन: एंजल रुपयाएवढा असतो तोवर सगळं छान दिसतं. मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि जे तोंडात मावतं ते मासा खातो.

दोन नर फायटर एकत्र कधीच नाहीत. फायटरसोबत गप्पीही नको, तिची रंगीत शेपटी पाहून तो चवताळतो. फ्लॉवरहॉर्न हा मासा तर एकटाच ठेवायचा.

गोल्डफिशला 18 ते 22 अंशांचं थंड पाणी मानवतं, डिस्कसला 28 ते 30. एका हीटरवर दोघांचं भागत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि गोल्डफिश तर खादाड आणि भरपूर घाण करणारा. त्याला वेगळा, मोठा टँक द्या.

बोअरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी असेल तर निऑनच्या मागे लागू नका. मॉली, प्लॅटी, गप्पी त्याच पाण्यात मजेत राहतात. पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणं सोपं.

मिस केरला हा मासा आपल्या पश्चिम घाटातला. 2013 साली त्याच्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रिया हे नाव मिळालं. टँकसाठी बेसुमार पकडल्यामुळे आज तो धोक्यात आहे. त्याला वाहतं, गारसर पाणी, थवा आणि चार फुटांचा टँक लागतो. एवढं जमत नसेल तर कृपा करून आणू नका.

आणि घाई. पाणी काचेसारखं दिसलं म्हणजे तयार झालं असं नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. एका रात्रीत टँक तयार करून देणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. मी आधी पाच-सहा काटक झेब्रा सोडतो, पंधरा दिवसांनी पुढचे मासे, तेही आधी दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवून.

नवे मासे सोडायच्या दिवशी मी टँकमधले दगड आणि लाकूड हलवतो. जुन्या माशांनी आपापले कोपरे वाटून घेतलेले असतात. मांडणी बदलली की सगळेच नवे होतात आणि मारामारी कमी होते. मग दिवा बंद करून अंधारातच पिशवीतले मासे सोडतो. सकाळी चहाच्या आधी टँकसमोर बसून मोजतो, आणि मोजताना आधी परांची टोकं बघतो.