घरी बांधलेली अनोळखी स्पोर्ट्‌स कार: तिचं मूळ कसं शोधावं

मुंबईत अशी एखादी गाडी अधूनमधून निघतेच. माझगावच्या एखाद्या वखारीत, दादरच्या जुन्या इमारतीच्या आवारात, ताडपत्रीखाली. बुटकी, दोन सीटची, नावाचा बिल्ला कुठेच नाही. विकणारा छातीठोकपणे सांगतो, 'इम्पोर्टेड आहे, साहेब.' निम्म्या वेळा ती इथल्याच कुठल्यातरी गॅरेजात जन्मलेली असते, आणि मला विचाराल तर तेच जास्त मजेचं.

अशा गाडीला एक मूळ नसतं. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, बॉडी तिसऱ्याची. तिन्ही वेगवेगळी शोधायची आणि आकाराकडे सगळ्यात शेवटी बघायचं. कारण आकाराचीच तेवढी बांधणाऱ्याने मुद्दाम नक्कल केलेली असते.

आधी कारखान्याच्या गाड्या बाजूला काढा

दोन सीटची फायबरची गाडी म्हणजे घरगुतीच असं नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची: रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन, जोर पुढच्या चाकांवर. अलिबागला चिंकारा मोटर्सने रोडस्टर काढली: लांब नाक, सुटे मडगार्ड, ढंग ब्रिटिश लोटस सेव्हनचा आणि इंजिन इसुझूचं 1.8 लिटरचं, म्हणजे पेट्रोल अॅम्बॅसॅडरमध्ये यायचं तेच. यातली एखादी हाती असेल तर शोध इथेच संपला.

मग खाली शिरा

गाडी जॅकवर घ्या, खाली पक्के स्टँड लावा (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका) आणि टॉर्च घेऊन मागची बाजू बघा. बांधणारा बॉडी हवी तशी वळवतो, पण अॅक्सल, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि स्टिअरिंग घरी बनवत नाही. ते कुठल्यातरी चालत्या गाडीतून उचललेलं असतं.

मुंबईत पहिला संशय प्रीमियर पद्मिनीवर, म्हणजे फियाटवर, घ्यावा. ती कुर्ल्याला बनायची, शहराच्या टॅक्स्या एके काळी तिच्याच आणि सुटे भाग गल्लोगल्ली. तिचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) गाडीच्या लांबीच्या दिशेने, दोन बाजूंना दोन असतात. एकच पाटा या चाकापासून त्या चाकापर्यंत आडवा टाकलेला दिसला, तर तो स्टँडर्ड हेराल्डचा. हेराल्ड मद्रासला बनायची, मूळची ब्रिटिश ट्रायम्फ. तिला बॉडीपासून वेगळी होणारी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, होती. वरची बॉडी उतरवून दुसरी चढवणं त्यामुळे सोपं, म्हणून इंग्लंडातही किट गाड्यांसाठी (सुटे भाग घेऊन स्वतः जोडायच्या गाड्या) ती फार वापरली गेली. पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही. तिचे भाग वापरणाऱ्याला सांगाडा स्वतः वेल्ड करावा लागतो.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. हेराल्डचं 2324 मिलिमीटर, पद्मिनीचं 2340, मारुती 800 चं 2175, जिप्सीचं 2375, फोक्सवॅगन बीटलचं 2400, अॅम्बॅसॅडरचं 2464. हेराल्ड आणि पद्मिनीत फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा, तेव्हा एकट्या टेपवर विसंबू नका. शिवाय सांगाडा घरचा असेल तर हे अंतर बांधणाऱ्याच्या मर्जीचं.

इंजिन सीटच्या मागे आडवं असेल तर मागच्या हबकडे नीट बघा. मारुतीचा पुढचा सगळा जुडगा उचलून मागे बसवला असेल, तर मागच्या चाकांना स्टिअरिंगचे रॉड एका जागी जखडलेले सापडतील. इंजिनावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. तीस-चाळीस वर्षांत इंजिन बदललेलं असणारच.

बोल्टांना विचारा

हे फुकटात होतं आणि क्वचितच फसतं. सस्पेन्शनच्या मूळ बोल्टांवर मिलिमीटरचे पाने लावून बघा. फियाट, मारुतीचे बोल्ट मिलिमीटरच्या पान्यात चपखल बसतात. ब्रिटिश वंशाच्या गाडीत इंची माप निघतं: अर्ध्या इंचीवर 13 चा पाना जातो पण डुलतो, नऊ-सोळांशवर 14 चा जातच नाही आणि 15 चा फिरतो. पुढे एक माप आणि मागे दुसरं निघालं, तर दोन गाड्यांचं लग्न लावलेलं आहे हे उघड.

चाकांचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यासही मोजा. चार बोल्ट आणि 114.3 मिलिमीटर म्हणजे मारुती 800 असू शकते. चार बोल्ट आणि 95.25 म्हणजे हेराल्ड.

काच आणि दिवे

वळणदार विंडस्क्रीन घरी होत नाही. बांधणारा बाजारात मिळणारी काच घेतो आणि कललेली बसवतो. कधी दुसऱ्याच गाडीची मागची काच पुढे आलेली असते. काचेवर ब्राऊन पेपर ठेवून कडा आखून घ्या आणि तो कागद जुन्या गाड्यांच्या काचा विकणाऱ्याला दाखवा. मुरलेला माणूस वळण बघूनच गाडी सांगतो.

दिवे खोलून आतला शिक्का वाचा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या भागांवर बऱ्याचदा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. वर्तुळात ई आणि आकडा दिसला तर ती युरोपातली मान्यता: 1 जर्मनी, 2 फ्रान्स, 3 इटली, 11 ब्रिटन. दिव्यावरून गाडीचं वय ठरत नाही, पण 1985 चा दिवा मुळापासून बसवलेला असेल तर गाडी त्याआधीची नाही.

बॉडीची आतली बाजू

बाहेरच्या रंगात काही सापडायचं नाही. दाराचं कव्हर काढा, डिक्कीतलं कार्पेट उचला. पत्रा असेल तर आतून हातोडीचे ठसे आणि गॅस वेल्डिंगचे सांधे दिसतात, म्हणजे डेंटरने ठोकून काढलेली एकुलती एक बॉडी. फायबर असेल तर कडांवर साच्याच्या जोडाची बारीक रेघ शोधा. रेघ असली तर साचा होता, आणि साचा होता म्हणजे या गाडीची भावंडं कुठेतरी असण्याची शक्यता मोठी. बाहेर जाड लांबी (पुट्टी) आणि आत ओबडधोबड थर म्हणजे साच्याविना, एकदाच केलेलं काम.

नंबर आणि कागद

चेसिस नंबर ग्राइंडरने उघडा करू नका, अक्षरं जातात. रंग रिमूव्हरने सोडवा, मऊ ब्रश फिरवा, वर कागद धरून पेन्सिल घासा. आरटीओसाठी छाप घेतात तसंच. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर असतो. नंबर 17 अक्षरी असेल आणि सुरुवात एमए3 ने असेल तर मारुती.

मग आरसी बुक. तिथे 'फियाट' लिहिलंय आणि समोर स्पोर्ट्‌स कार उभी आहे, असंच बहुतेकदा निघतं. एमएच-01 धर्तीचे नंबर 1989 पासूनचे. बीएमएक्स, बीएमआर यांसारखी अक्षरं म्हणजे त्याआधीची मुंबई. यावरून कळतं ते मूळ गाडीचं वय, बॉडीचं नव्हे.

कागद संपले की माणसं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं, जुने डेंटर. त्यांना गाडीचा देखणा फोटो दाखवू नका, 'लई भारी' यापलीकडे उत्तर मिळायचं नाही. वेल्डिंगचा, बिजागरीचा, दाराच्या आतल्या बाजूचा फोटो दाखवा. कारागीर हात ओळखतो.

विकत घ्यायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा: गाडीच्या मूळ रचनेत कंपनीच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. 2021 च्या व्हिंटेज नियमांतही पन्नास वर्षांपुढची आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडीच बसते. म्हणून पेन्सिलचा छाप आणि आरसीवरचा आकडा जुळेपर्यंत बयाणा देऊ नका, आणि जुळला तरी रस्त्यावर काढण्याआधी आरटीओत विचारा.